ऊगो सांचेझ आणि विश्वचषकाचा तराजू



स्मृतिव्याख्यानासाठी फुटबॉलपटूची कारकीर्द हा विषय थोडा अनपेक्षित वाटेल. पण एखाद्याच्या आयुष्यभराच्या कामाचे मोल कोणत्या मापाने करायचे, हा प्रश्न अशा व्यासपीठाला नवा नाही, आणि तो तपासून पाहायला मेक्सिकोच्या ऊगो सांचेझइतके चांगले प्रकरण मला खेळांच्या इतिहासात दुसरे दिसत नाही. त्याच्याबद्दल दोन विधाने नेहमी जोडीने केली जातात. मेक्सिकोत, किंबहुना सगळ्या उत्तर आणि मध्य अमेरिकेत, त्याच्या तोडीचा फुटबॉलपटू झाला नाही, हे पहिले. देशाच्या जर्सीत मात्र तो कमी पडला, हे दुसरे. पहिल्याला आधार आहे स्पेनच्या लीगमधल्या २३४ गोलांचा, दुसऱ्याला विश्वचषकातल्या एकुलत्या एका गोलाचा. आपल्याकडे दुसरे विधान अधिक सहज पटते, कारण १९८६ चा विश्वचषक दूरदर्शनने दाखवला आणि मराठी घरांत ऊगो सांचेझ पोचला तो त्या एका महिन्यापुरताच. स्पेनची लीग तेव्हा आपल्या पडद्यावर नव्हती. जे पाहिले त्यावर मत बनले, त्यात गैर काही नाही; फक्त आपण कारकिर्दीचा केवढा तुकडा पाहिला, हे मत बनवणाऱ्याने स्वतःला विचारायला हवे. माझे म्हणणे असे आहे की या दोन विधानांचे मूळ एकच आहे. ज्या गुणामुळे तो माद्रिदमध्ये मोठा झाला, त्याच गुणामुळे राष्ट्रीय संघात त्याची अडचण झाली. हा गुण कोणता, त्याला काय लागते आणि मेक्सिकोने ते त्याला का दिले नाही, एवढेच आज मांडायचे आहे.

ऊगो सांचेझ मार्केझचा जन्म ११ जुलै १९५८ चा, मेक्सिको सिटीतला. वडील एक्तोर स्वतः फुटबॉल खेळलेले. बहीण एर्लिंदा जिम्नॅस्ट. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिम्पिकला ही भावंडे एकत्रच गेली, भाऊ फुटबॉलच्या संघातून आणि बहीण जिम्नॅस्टिक्सच्या. गोल झाल्यावर तो मारायचा ती प्रसिद्ध कोलांटी उडी या घरातली. प्रेक्षकांना आणि छायाचित्रकारांना ती शोभेची गोष्ट वाटली, पण तिच्यामागची तालीम शोभेची नव्हती. अंग हवेत उलटे असताना आपले पाय नेमके कुठे आहेत याचे भान ज्याला मुरलेले असते, त्याला गोलकडे पाठ करूनही चेंडू मारता येतो. पुमास हा राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचा क्लब. १९७६ मध्ये तो तिथून व्यावसायिक फुटबॉलमध्ये उतरला आणि त्याच मोसमात पुमासने आपले पहिले लीग विजेतेपद जिंकले. १९७८-७९ च्या मोसमात २६ गोल करून तो गोलकर्त्यांच्या यादीत अव्वल स्थानी होता. उन्हाळ्यात उत्तर अमेरिकन लीगमध्ये सॅन डिएगो सॉकर्सकडून खेळायचे, परत येऊन पुमाससाठी खेळायचे, आणि या सगळ्यात विद्यापीठात दंतवैद्यकाचा अभ्यास. तो त्याने पुराही केला. १९८०-८१ मध्ये पुमास पुन्हा विजेते झाले तेव्हा प्रशिक्षक होते बोरा मिलुटिनोविच. हे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे १९८६ मध्ये पुन्हा येणार आहे.

१९८१ मध्ये तो अटलेटिको माद्रिदमध्ये गेला. त्या काळी स्पेनमध्ये एका संघाला दोनच परदेशी खेळाडू उतरवता येत. त्या जागा साधारणपणे युरोपातल्या किंवा अर्जेंटिना-ब्राझीलच्या नावाजलेल्यांसाठी राखलेल्या. मेक्सिकोचा माणूस तिथे हवाच कशाला, ही भावना स्टँडमधून उघड बोलून दाखवली जायची, आणि ‘इंडिओ’ अशी हाक त्याला हिणवण्यासाठी मारली जायची. पहिल्या मोसमात त्याने लीगमध्ये २० सामन्यांत ८ गोल केले. नंतर १५, मग १२, आणि १९८४-८५ मध्ये १९. या चौथ्या मोसमात तो लीगचा अव्वल गोलकर्ता ठरला आणि ‘पिचिची’ पुरस्कार त्याला मिळाला. त्याच हंगामाच्या अखेरीस कोपा देल रेच्या अंतिम सामन्यात अटलेटिकोने अ‍ॅथलेटिक बिल्बाओला २-१ असे हरवले, आणि दोन्ही गोल त्याचे. प्रशिक्षक लुईस अरागोनेस स्वतः एके काळचे गोल करणारे, त्यांनी या मुलावर मेहनत घेतली. हा चढता आलेख बारकाईने पाहायला हवा. तीन वर्षे तो चांगला खेळाडू होता, चौथ्या वर्षी मोठा झाला. दरम्यान त्याच्या पायात नवी ताकद आली असे कोणी म्हणत नाही. त्याच्या आजूबाजूचे लोक त्याला ओळखू लागले, एवढेच या तीन वर्षांत घडले. माझ्या युक्तिवादाचा पाया हा आहे, म्हणून इथे जरा थांबलो.

१९८५ मध्ये त्याने शहर न बदलता क्लब बदलला. अटलेटिकोमधून थेट रेआल माद्रिदमध्ये जाणे चाहत्यांच्या संतापाला आमंत्रण होते, म्हणून कागदोपत्री व्यवहार पुमासमार्फत झाला. फुटबॉलच्या बाजारात असली आडवळणे नवी नाहीत. रेआलमध्ये तेव्हा क्लबच्याच शाळेत घडलेली एक पिढी वर येत होती: एमिलिओ बुत्रागेन्यो, मिचेल, मानोलो सांचीस, रफाएल मार्टिन वास्केझ. उजवीकडून मिचेलचे क्रॉस, डावीकडे गोर्दिल्यो, पुढे बुत्रागेन्यो बचावपटूंना आपल्या मागे ओढणारा. या संघाने १९८५-८६ पासून १९८९-९० पर्यंत सलग पाच लीग जिंकल्या. सांचेझचे लीगमधले गोल या पाच वर्षांत २२, ३४, २९, २७ आणि ३८. यांपैकी चार वर्षी पिचिची त्याचाच होता. मधल्या १९८८-८९ मध्ये अटलेटिकोच्या बाल्ताझारने ३५ गोल करून तो नेला, नाहीतर सलग सहा वर्षे हे नाव यादीच्या माथ्यावर दिसले असते. दोन प्रतिस्पर्धी क्लबांकडून मिळून पाच पिचिची, त्यांतले पहिले चार ओळीने. रेआलसाठी सर्व स्पर्धांत मिळून २८३ सामन्यांत २०८ गोल. लीगच्या इतिहासात निवृत्तीच्या वेळी त्याच्या पुढे एकच माणूस होता, २५१ गोलांचा तेल्मो सार्रा. परदेशी खेळाडूंत तर तो मेस्सी येईपर्यंत पहिला राहिला.

आता त्या ३८ गोलांकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. १९८९-९० मध्ये जॉन टोशॅक यांच्या हाताखाली रेआलने लीगमध्ये १०७ गोल केले. त्यांतले ३८ सांचेझचे, आणि सार्राने १९५०-५१ मध्ये केलेल्या विक्रमाशी बरोबरी करणारे. या ३८ गोलांबद्दल फुटबॉलच्या जगात कायम सांगितली जाणारी गोष्ट अशी की सगळेच्या सगळे एका स्पर्शात झाले. चेंडू आला आणि गेला. थांबवणे नाही, वळवून घेणे नाही, दुसरा स्पर्शच नाही. यावर कोणी हिशेबी माणूस म्हणेल की पेनल्टी आणि फ्री किक या मुळातच एका स्पर्शाच्या असतात, त्या मोजून आकडा फुगवू नका. मान्य. तो पेनल्टी घ्यायचा आणि त्या या आकड्यात आहेत. त्या वजा केल्या तरी उरलेले गोल ओळीने एकाच पद्धतीचे निघावेत, ही गोष्ट योगायोगात बसत नाही. एक-दोन सामन्यांत असे घडते. ३५ सामन्यांत घडते तेव्हा ती शिस्त असते.

एका स्पर्शाने गोल करणारा खेळाडू नेमके काय करत असतो? चेंडू त्याच्याकडे येतो तेव्हा त्याचे निम्म्याहून अधिक काम संपलेले असते. बचावपटूच्या नजरेच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहणे, क्रॉस सुटण्याच्या क्षणी जवळच्या खांबाकडे दोन पावले टाकून उलट फिरणे, चेंडू कुठे पडेल हे इतरांआधी ठरवून तिथे नेमक्या वेळी पोचणे. सांचेझ उंचीने बेताचा होता, पण हेडरने त्याने किती गोल केले ते पाहिले की कळते, उडीपेक्षा त्याची वेळ मोठी होती. १० एप्रिल १९८८ रोजी लोग्रोन्येसविरुद्ध झालेला गोल याचे सर्वांत सुटे करून दाखवता येईल असे उदाहरण. डावीकडून मार्टिन वास्केझने चेंडू आत टाकला. सांचेझची पाठ गोलकडे. चेंडू त्याच्या अंगावर न येता थोडा मागे, खांद्याहून वर येत होता, म्हणजे बहुतेक स्ट्रायकर ज्याला वाया गेलेला क्रॉस म्हणतील असा. तो चेंडूची वाट न पाहता आधीच मागे झेपावला, अंग जमिनीला समांतर झाले, डावा पाय कात्रीसारखा वर गेला आणि चेंडू जाळीच्या वरच्या कोपऱ्यात. असा गोल झाल्यावर सामना थांबवून प्रेक्षकांना शॅम्पेन द्यायला हवी, असे रेआलचे प्रशिक्षक लिओ बेनहाकर म्हणाल्याचे सांगतात. बर्नाबेऊमध्ये त्या दिवशी लोकांनी पांढरे रुमाल फडकावले. मला या गोलात कसरतीइतकीच दुसरी एक गोष्ट दिसते: वाईट क्रॉस चांगला ठरवण्याचा निर्णय चेंडू हवेत असतानाच झालेला होता. मार्टिन वास्केझलाही ठाऊक असणार की तिथे टाकलेला चेंडू हा माणूस सोडून देणार नाही. म्हणून तर त्याने तो टाकला.

एकाचे ठाऊक असणे दुसऱ्याच्या हालचालीत उतरते, हे या कलेचे मर्म. स्लिपमधल्या क्षेत्ररक्षकाचे झेल जसे गोलंदाजाने बॅटची कड घेतल्याशिवाय होत नाहीत, तसे या जातीच्या स्ट्रायकरचे गोल पास देणाऱ्याशिवाय होत नाहीत. त्याला चेंडू लागतो, आणि नुसता चेंडू पुरत नाही. तो कोणत्या क्षणी कुठे असेल हे आधी ओळखणारे सहकारी लागतात. अशी ओळख रोजच्या सरावातून, महिनोन् महिने एकत्र राहून येते. अटलेटिकोमध्ये तिला तीन वर्षे लागली. रेआलमध्ये हुशार सहकाऱ्यांमुळे ती लवकर आली. हे एकदा नीट ध्यानात घेतले की पुढचे बरेचसे कोडे सुटते.

इथे पहिला मोठा आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. असे असेल तर हा माणूस मिचेल आणि बुत्रागेन्यो यांच्या मेहनतीची फळे खाणारा झाला. त्या संघात दुसरा कोणीही उभा केला असता तरी गोल झालेच असते. याला उत्तर द्यायला तर्काची गरज नाही, आकडे पुरेसे आहेत. पहिला पिचिची अटलेटिकोचा आहे, तिथे मिचेल नव्हता. रेआलमध्ये त्याच पुरवठ्यावर इतर आघाडीचे खेळाडूही जगत होते, त्यांत १९८६ च्या विश्वविजेत्या अर्जेंटिना संघाचा होर्हे वाल्दानोही होता, पण त्या पाच वर्षांत सांचेझच्या जवळपासचे आकडे कोणाचेच नाहीत. आणि सर्वांत बोलका पुरावा कारकिर्दीच्या उतारावरचा आहे. १९९३-९४ मध्ये पस्तिशीत तो रायो वायेकानोकडे आला. माद्रिदच्याच कामगार वस्तीतला हा छोटा क्लब, मोसमाअखेर खालच्या श्रेणीत घसरलेला. त्या संघासाठी त्याने लीगमध्ये २९ सामन्यांत १६ गोल केले. अटलेटिकोच्या पहिल्या तीन वर्षांतल्या कोणत्याही मोसमापेक्षा हा आकडा मोठा आहे. म्हणजे पुरवठा उंची असायलाच हवा असे नाही. साधा संघही चालतो, फक्त त्याने नऊ महिने रोज या माणसाबरोबर सराव केलेला असावा लागतो.

दुसरा आक्षेप युरोपचा. पाच लीग जिंकणाऱ्या या संघाला युरोपियन कप एकदाही मिळाला नाही. १९८७, १९८८ आणि १९८९ अशा तिन्ही वर्षी उपांत्य फेरीत गाडी अडकली, आणि शेवटच्या वर्षी मिलानने सान सिरोवर ५-० असा धुव्वा उडवला. मोठ्या सामन्यात सांचेझ कुठे होता? तो प्रश्न सोयीस्कर आहे, कारण त्याच मिलानविरुद्ध माद्रिदमधल्या १-१ अशा बरोबरीत रेआलचा गोल त्याचाच होता. सान सिरोवर आर्रिगो साक्की यांच्या संघाने मधल्या फळीतच रेआलचा श्वास कोंडला, बचावाची रांग पुढे आणली, क्रॉस सुटूच दिले नाहीत. पुरवठा तुटला आणि एका स्पर्शाच्या खेळाडूला तो एक स्पर्शही मिळाला नाही. हा त्याच्या कलेचा खरा तोटा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. तुटलेल्या संघाला एकट्याच्या बळावर उचलून धरणारा तो खेळाडू नव्हता. पण तोट्याची जागा ओळखणे वेगळे आणि मोठ्या सामन्यात कच खाण्याचा आरोप करणे वेगळे.

आता मेक्सिकोच्या राष्ट्रीय संघाकडे वळू. साठच्या आत-बाहेर सामने आणि २९ गोल, अशी त्याची नोंद आहे. यादीत आज तो बराच खाली दिसतो: हावियेर एर्नांदेझचे ५२ गोल, हारेद बोर्गेत्तीचे ४६. पण एर्नांदेझला त्यासाठी १०९ सामने मिळाले आणि बोर्गेत्तीला ८९. भागाकार करून पाहिला तर तिघेही साधारण दोन सामन्यांमागे एक गोल याच रांगेत उभे आहेत. मग देशासाठी गोल करता आले नाहीत, हे म्हणणे उरते कुठे? उरते ते सामन्यांच्या संख्येत. १९७७ ते १९९४ एवढ्या दीर्घ काळात साठेक सामने, कारण यातले बारा मोसम तो अटलांटिकच्या पलीकडे होता, आणि त्या काळी मित्रत्वाच्या सामन्यासाठी युरोपियन क्लबने आपला खेळाडू मेक्सिकोला सोडणे ही अपवादाची बाब होती. तो संघाचा सर्वांत मोठा खेळाडू होता आणि संघात सर्वांत कमी राहिलेलाही.

विश्वचषकांचा हिशेब तर अधिकच विषम आहे. १९७८ मध्ये अर्जेंटिनात तो १९ वर्षांचा होता. मेक्सिकोने ट्युनिशिया, पश्चिम जर्मनी आणि पोलंड या तिघांकडून मार खाल्ला. दोन गोल केले, बारा खाल्ले. त्या संघातल्या कोणत्याही आघाडीच्या खेळाडूची परीक्षा घेणे व्यर्थ आहे. १९८२ साठी मेक्सिको पात्रच ठरला नाही. तेगुसिगाल्पातल्या स्पर्धेतून होंडुरास आणि एल साल्वादोर पुढे गेले. राहिला १९८६, आपण पाहिलेला. यजमान म्हणून मेक्सिकोला पात्रता सामने नव्हतेच. मिलुटिनोविच यांनी देशातल्या खेळाडूंना घेऊन दीर्घ काळ संघ बांधला, आणि तो चांगला बांधला. सांचेझ मात्र ६ मे १९८६ पर्यंत रेआलबरोबर यूएफा कपच्या अंतिम फेरीत गुंतलेला होता. मेक्सिकोचा पहिला सामना ३ जूनला. चार आठवडे. ज्या कलेला सहकाऱ्यांची मुरलेली ओळख लागते, तिला चार आठवडे, तेही अशा संघात जो त्याच्याशिवाय एकमेकांना ओळखायला शिकला होता. मिलुटिनोविच त्याला पुमासपासून ओळखत होते खरे, पण क्रॉस प्रशिक्षक टाकत नाही. बेल्जियमविरुद्ध २-१ अशा विजयात त्याने हेडरने गोल केला. पॅराग्वेविरुद्ध अस्तेका स्टेडियमवर, लाखाहून अधिक लोकांपुढे, १-१ अशी बरोबरी असताना शेवटच्या मिनिटांत मिळालेली त्याची पेनल्टी गोलरक्षक रोबेर्तो फर्नांदेझने अडवली. दोन पिवळ्या कार्डांमुळे इराकविरुद्ध सांचेझ बाहेर. बल्गेरियाला २-० असे हरवताना मानुएल नेग्रेतेने हवेतून मारलेला गोल त्या स्पर्धेचे भूषण ठरला. उपांत्यपूर्व फेरीत मोंतेरेयमध्ये पश्चिम जर्मनीशी ०-० आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये हार.

पॅराग्वेविरुद्धच्या त्या पेनल्टीबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण मेक्सिकोत आणि बाहेरही तिच्यावर निम्मा खटला उभा आहे. ती चुकली, आणि चूक त्याची होती. इथे ना पासची सबब चालते ना सरावाची. पेनल्टी हा फुटबॉलमधला असा एकच क्षण आहे की ज्यात दुसऱ्या कोणाचा हात नसतो. पण मेक्सिकोचे त्या चुकीने काय बिघडले? गटात ते पहिलेच आले आणि पुढची फेरी जिंकले. स्पर्धेतून ते बाहेर पडले ते जर्मनीपुढे, जिथे १२० मिनिटे दोन्ही बाजूंना गोल करता आला नाही. लोकांच्या स्मरणात मात्र जर्मनीविरुद्धची संध्याकाळ धूसर झाली आणि पॅराग्वेविरुद्धची दुपार ठळक राहिली. याचे एक कारण त्याच्या बोलण्यात आहे. तो स्वतःच्या गुणवत्तेबद्दल संकोच न करता बोलायचा, देशातल्या फुटबॉल संघटकांवर उघड टीका करायचा. नम्रतेची अपेक्षा ठेवणाऱ्यांना त्याची चूक गोड लागली, इतकेच मी म्हणेन. माणसाच्या तोंडाळपणाचा आणि त्याच्या गोलांचा हिशेब एका वहीत लिहू नये.

१९९० हे मात्र या कारकिर्दीचे खरे दुखणे. वय ३१, हातात ३८ गोलांचा मोसम, युरोपचा गोल्डन बूट. आणि त्या उन्हाळ्यात इटलीतल्या विश्वचषकात मेक्सिको नाही. कारण मैदानावरचे नव्हते. १९८८ च्या वीस वर्षांखालील पात्रता स्पर्धेत मेक्सिकन महासंघाने वय उलटलेले खेळाडू खोट्या जन्मतारखांवर उतरवले. प्रकरण मेक्सिकन पत्रकारांनीच बाहेर काढले. फिफाने देशाच्या सर्व राष्ट्रीय संघांवर दोन वर्षांची बंदी घातली. सोलचे ऑलिम्पिक गेले आणि इटलीचा विश्वचषकही. कार्यालयात बसलेल्यांनी कागदावर केलेल्या लबाडीची किंमत अशा माणसाने मोजली ज्याचा त्या कागदाशी संबंध नव्हता. मजेची, म्हणजे खरे तर कडू गोष्ट अशी की तो गोल्डन बूट त्याने वाटून घेतला होता सीएसकेए सोफियाच्या हृस्टो स्टॉइचकोव्हबरोबर, दोघांचेही ३८ गोल, आणि बल्गेरियाही इटलीला पात्र ठरला नव्हता. त्या मोसमात युरोपात सर्वाधिक गोल केलेले दोघेही जगाच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेला घरी होते. इटलीत सहा गोल करून यजमानांचा स्किलाची नायक झाला. विश्वचषक हा एखाद्या खेळाडूच्या थोरवीचा अंतिम तराजू आहे असे मानणाऱ्यांनी या एका ओळीचा विचार करावा. चार वर्षांतून एक महिना भरणारा आणि ज्याच्या दारात माणसाला त्याच्या महासंघाचे कारकून अडवू शकतात, असा हा तराजू.

१९९४ मध्ये अमेरिकेत सांचेझ आणि स्टॉइचकोव्ह ही दोन नावे पुन्हा समोरासमोर आली. सांचेझ ३५ वर्षांचा, रायोसाठी नुकतेच १६ गोल करून आलेला. नॉर्वेविरुद्ध ०-१ अशा पराभवात तो खेळला. त्यानंतर प्रशिक्षक मिगेल मेहिया बारोन यांनी त्याला बाकावर बसवले. ५ जुलैला न्यू जर्सीतल्या जायंट्स स्टेडियमवर बाद फेरीत मेक्सिको विरुद्ध बल्गेरिया. सहाव्या मिनिटाला स्टॉइचकोव्हचा गोल, मग गार्सिया आस्पेने पेनल्टीवर केलेली बरोबरी. लुईस गार्सिया लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. सामन्यात गोलचा सांगाडाच मोडला आणि दुसरा आणून बसवावा लागला. जादा वेळ गेला, आणि देशाचा सर्वांत अनुभवी गोल करणारा बाकावरच राहिला. शूटआऊटमध्ये मेक्सिको ३-१ असा हरला. मेहिया बारोन यांचा निर्णय चूक होता की बरोबर, यावर मेक्सिकोत आजही वाद घालता येतो. दहा खेळाडूंनिशी, उकाड्यात, पस्तिशीच्या माणसाला उतरवणे धोक्याचे होते, हा त्यांचा पक्ष मला अगदीच पोकळ वाटत नाही. शूटआऊट समोर दिसत असताना त्याला शेवटच्या मिनिटांतही न आणणे मात्र मला समजलेले नाही. एवढे खरे की त्याच्या विश्वचषक कारकिर्दीची एकूण बेरीज आठ सामन्यांवर थांबली. स्पेनमध्ये ३४७ लीग सामने, विश्वचषकात आठ. आठांवरून निकाल देऊन ३४७ रद्द करणे याला मोजमाप म्हणत नाहीत.

शेवटचा आक्षेप सर्वांत जुना आहे: थोर खेळाडू संधीची वाट पाहत नाही, ती निर्माण करतो, १९८६ चा मॅराडोना पाहा. मॅराडोनाचे उदाहरण खरे आहे आणि इथे गैरलागू आहे. चेंडू मध्यभागी घेऊन पाच जणांना चुकवत जाणे ही एक कला, आणि चेंडू ज्या ठिकाणी पडणार तिथे आधीच असणे ही दुसरी. पहिलीत एकट्याचे सामर्थ्य डोळ्यांना दिसते, म्हणून ती थोर वाटते. दुसरीतले काम चेंडूपासून दूर, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर होते, म्हणून गोल झाल्यावर ‘योग्य वेळी योग्य जागी होता’ असे म्हणून ते निकालात काढले जाते, जणू जागा त्याला लॉटरीत लागली होती. मॅराडोनाच्या मापाने सांचेझला मोजले तर तो उणा भरेल. सांचेझच्या मापाने, म्हणजे पेनल्टी क्षेत्रात मिळालेल्या अर्ध्या संधींचे काय केले या कसोटीवर, मॅराडोनाच काय, त्याच्या काळातले फार थोडे टिकतील.

१९९२ मध्ये रेआल सोडल्यावर क्लब अमेरिका, मग रायो, अटलांटे, ऑस्ट्रियातला लिंझ, डॅलस बर्न आणि १९९७ मध्ये सेलायात शेवट, हा प्रवास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. प्रशिक्षकपद मात्र माझ्या मुद्द्याशी जोडलेले आहे. पुमासमध्ये त्याने रोज हाताखाली असलेल्या मुलांचा संघ घडवला आणि २००४ मध्ये एकाच वर्षातल्या लीगच्या दोन्ही छोट्या स्पर्धा जिंकल्या. छोट्या स्पर्धांची पद्धत आल्यापासून सलग दोन विजेतेपदे मेक्सिकोत तोवर कोणी मिळवली नव्हती. २००६ च्या अखेरीस राष्ट्रीय संघ हाती आला. २००७ च्या कोपा अमेरिकात तिसरा क्रमांक, ही काही वाईट कामगिरी नव्हे. पण मार्च २००८ मध्ये तेवीस वर्षांखालील संघाच्या ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेत शेवटच्या सामन्यात हैतीला पाच गोलांच्या फरकाने हरवणे भाग पडले. मेक्सिकोने एकामागून एक संधी निर्माण केल्या आणि एकामागून एक दवडल्या. सामना ५-१ असा संपला, एक गोल कमी पडला आणि त्याची नोकरी गेली. त्याच्या स्वतःच्या काळात पास देणारे अपुरे पडत. आता चेंडू गोलसमोर वारंवार येत होता आणि तिथे आधी पोचलेला कोणी नव्हता. राष्ट्रीय प्रशिक्षकाला वर्षातून काही आठवडे खेळाडू मिळतात. पुमासमध्ये त्याच्याकडे तीन-चार वर्षे होती.

त्याच्यानंतर स्पेनमध्ये लुईस गार्सिया गेला, कार्लोस वेला गेला, राऊल हिमेनेझ गेला, एर्नांदेझ एका मोसमासाठी रेआलमध्येही खेळला. पिचिची एकालाही मिळाला नाही. मेक्सिकन लीग आपल्या खेळाडूंना चांगला पैसा देते, तरुण स्ट्रायकरला मायदेशी सुखाने राहता येते, आणि परदेशात गेला तरी दुसऱ्या-तिसऱ्या मोसमात जम बसण्याआधीच त्याला परत बोलावणारे क्लब असतात. सांचेझ पहिल्या वर्षीच्या ८ गोलांनंतर आणि स्टँडमधल्या शिव्यांनंतर माद्रिदमध्येच थांबला. चौथा मोसम पाहायचा तर पहिले तीन काढावे लागतात, आणि मेक्सिकोच्या फुटबॉल व्यवस्थेने तशी मुदत पुढे फार थोड्यांना दिली.